काढ्याला पडलेला खाडा

लेकीला, पायलला, पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कलावतीच्या घरी माणसं येऊ लागली, आणि डोळे सुजून बारीक झालेले असतानाही कलावती कोण कशासाठी आलंय ते ओळखत बसली. त्याला तिचा इलाज नव्हता. रायपूरच्या पंडरी भागातल्या कापडबाजारात, एका गल्लीच्या तोंडाशी, साड्यांना फॉल-पिको करून देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढायच्या आत तिला कळायचं, ही बाई घासाघीस करणार, ही आज घाई करणार आणि न्यायला महिन्यानं येणार, ही साडी स्वतःची म्हणून सांगते खरी पण जावेची आहे. एवढी मुरलेली नजर घरात मरण झालं म्हणून रजेवर जात नाही.

तेव्हा तिला दिसत होतं की शेजारच्या अंजनाबाईच्या रडण्यात पायलचा वाटा थोडाच आहे, बाकी रडू तिच्या सुनेच्या नावाचं आहे. कलावतीच्या नवऱ्याबरोबर, तुळशीरामबरोबर, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले काही जण अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी आधी पायलचं चांगलं सांगितलं, मग आपापल्या गुडघ्यांवर आले, आणि चहा येईपर्यंत पेन्शनवर पोचले. लांबच्या एका वहिनीनं कलावतीचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, पोरगी नीट खात-पीत होती ना. हा प्रश्न मायेचा नव्हता. दोष कुठं टेकवायचा ती जागा वहिनी शोधत होती.

ती जागा कलावतीनं केव्हाच शोधून ठेवली होती. तिनं ती फक्त नवऱ्याला सांगितली होती, तीही स्मशानातून आल्यावर, तो पाय धूत असताना. "काढ्याले खाडा पडला," ती म्हणाली होती. "खाडा नसता पडला तं पोट्टी राहिली असती." तुळशीराम पाय धुतच राहिला. पाय केव्हाचे स्वच्छ झाले होते.

पायलला सिकल सेल होता. विदर्भातून नोकरीपायी रायपूरला येऊन स्थायिक झालेल्या त्यांच्या बौद्ध कुटुंबांत हा शब्द पोरांच्या कानावर बाराखडीच्या आधी पडतो. सोयरीक जुळवताना पत्रिकेचं नाव कोणी काढत नाही, रक्ताचा रिपोर्ट काढतात, आणि ज्याचा रिपोर्ट स्वच्छ निघाला तो मुलगा टकला असला तरी भाव खातो. निरोगी माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असतात, स्वतःपेक्षा अरुंद नळीतूनसुद्धा अंग चोरून निघून जातात. पायलच्या पेशींना ते जमायचं नाही. थंडी, ताप, दमणूक, कशाचंही निमित्त पुरायचं. मग त्या विळ्यासारख्या वाकायच्या, ताठ व्हायच्या आणि वाटेतच अडकून बसायच्या. त्या अडकल्या की पायल उशी दाताखाली धरायची.

दवाखान्याची गोळी ती नेमानं घ्यायची, त्यात कधी कसूर नव्हती. पण गोळी दवाखान्याची होती. काढा कलावतीचा होता.

काढ्याची साल गोल बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याकडून यायची. त्या सालीचं नाव तो दर खेपेला वेगळं सांगायचा आणि साल तीच आहे अशी शपथही दर खेपेला घ्यायचा. कलावतीला तो कितपत खरा आहे हे पहिल्याच भेटीत कळलं होतं. साडीच्या बाबतीत असल्या माणसाला तिनं दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण पायल तेव्हा आठ वर्षांची होती आणि तापानं कण्हत होती, आणि अशा वेळी माणूस आपली नजर आपणच खाली करतो. तिनं साल घेतली. सकाळी उठून पातेल्यात टाकली आणि कपभर उरेस्तोवर आटवली. त्या दिवसापासून काढ्याला खाडा नाही. लग्नाकार्याला गेली तर पिशवीत साल असायची. तिची स्वतःची आई भंडाऱ्याला वारली, तेव्हा रडणाऱ्या बायकांमधून उठून तिनं चुलीवर काढा ठेवला आणि भावजयीची बोलणी खाल्ली. तुळशीराम चार लोकांत म्हणायचा, "माह्या नोकरीत खाडे पडले, हिच्या काढ्याले नाही पडले."

पायल लहानपणी काढा पाहून पळायची. मोठी झाल्यावर सौदे करू लागली. अर्धा आता, अर्धा आंघोळीनंतर. आधी गूळ दे. आज फक्त वास घेते. ती मराठीत बोललेलं सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "मम्मी, ये तो तू दुश्मन को भी मत पिलाना," असं म्हणून नाक धरायची. कलावती समोर पाटावर बसून राहायची, कप रिकामा होईस्तोवर उठायची नाही. दिवसभरात ती एका जागी बसायची ती तेवढीच.

आणि मग, अलीकडं, पायल सुधारली. दोन-एक वर्षं झाली असतील. तिनं कुरकूर सोडून दिली. एका दमात कप रिकामा करायची, ओठ पुसायची आणि म्हणायची, "आज हल्का लग रहा है, मम्मी." कलावतीला हे बक्षीस एवढं मोठं वाटलं की तिनं ते निम्म्या पंडरीला सांगितलं. काढा लागू पडायला वेळ घेतो, पण पडतो, असं ती साडीला फॉल लावता लावता बायकांना पटवून द्यायची.

मंजिरी त्यांच्या घरात आली ती पायलच्या बोलण्यातून. पायल पंडरीतल्याच एका होलसेलवाल्याकडं कॉम्प्युटरवर बिलं करायची, आणि दर महिन्याला तपासणीला जायची तिथं तिला ही मुलगी भेटली. तात्यापारा या रायपूरच्याच वस्तीतल्या मराठी घरातली, रक्तावर संशोधन करणारी. बस्तरकडच्या एका झाडाच्या पानांतून वेगळं काढलेलं कसलंसं द्रव्य होतं, ते रक्तात मिसळलं की ताठ पेशी मऊ पडतात का, हे ती पाहत होती. माणसाला प्यायला द्यायचं नव्हतं, ते अजून फार लांब होतं. सगळं काचेत चालायचं. त्यासाठी तिला सिकलच्या पेशंटचं थोडं थोडं रक्त लागायचं आणि पायलनं हौसेनं नाव दिलं. घरी येऊन ती वर्णन करायची: काचेच्या पट्टीत केसाहून बारीक गल्ल्या कोरल्या आहेत, अपने सदर बाजार जैसी, आणि रक्त त्यातून ढकलतात. "मेरे वाले सबसे ज्यादा कहना मानते हैं," असं ती ऐटीत सांगायची. कहना न मानण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नसल्यामुळं तुळशीरामला याचं फार हसू यायचं.

यंदा थंडीत नवी फेरी होती आणि तिला नवा नियम होता. रक्त द्यायच्या आधी तीन आठवडे झाडपाल्याचं काहीही पोटात जायला नको. नाही तर पेशी मऊ पडल्या त्या त्यांच्या द्रव्यानं की कुणाच्या घरच्या पाल्यानं, हे कसं कळणार? दवाखान्याची गोळी मात्र चालूच ठेवायची. कलावतीनं हे ऐकून आधी साफ नाही म्हटलं. पायलनं लाडीगोडी लावली, मग रुसली, मग आईच्या गळ्यात पडून म्हणाली, तीन हफ्ते तू भी तो आराम कर. कलावतीनं नाही नाही म्हणत मान डोलावली आणि पातेलं उपडं घातलं.

पायल रक्त देऊन आली. दुसऱ्या संध्याकाळी ताप चढला, छातीत भरलं, श्वास लागेना. दवाखान्यात सगळं झालं, ऑक्सिजन, रक्त, जे जे असतं ते. परवा येतो असं सांगून ड्यूटी संपवून गेलेला डॉक्टर आला तेव्हा खाट रिकामी होती.

असा तो खाडा. कलावतीच्या मनात हिशोब पक्का होता. सोळा वर्षं काढा होता आणि पोरगी होती. काढा थांबला आणि पोरगी गेली.

माणसांची ये-जा जरा ओसरली त्या दुपारी तुळशीरामच्या फोनवर मंजिरीचा फोन आला. ती फार हळू बोलत होती. पायलनं दिलेलं रक्त फ्रिजमध्ये तसंच आहे, तिनं हात लावलेला नाही. देणारा माणूस गेला की घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही असा नियम आहे. आणि उद्यानंतर ते रक्त कामाचं राहणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. तुळशीरामनं ते सगळं जसंच्या तसं बायकोला सांगितलं आणि तिच्या तोंडाकडं पाहत उभा राहिला.

कलावती उठली आणि तिनं गॅस पेटवला. पातेल्यात साल टाकली. घरभर तो कडू वास पसरला तसा तुळशीराम दचकला. बायकोचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. कपभर आटवून, गाळून, थंड करून तिनं काढा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि झाकण घट्ट लावलं.

"स्कूटर काढा," ती म्हणाली. "पोट्टीचं रक्त हाय ना तिथं? त्याच्यात हा टाकून दाखवा म्हणते. पेशी नरम पडल्या तं खाड्यानंच गेली."

"आन् नाही पडल्या तं?" तुळशीरामनं विचारलं.

कलावतीनं चपला घातल्या. त्या दुसऱ्या बाजूला ती अजून गेली नव्हती. तिकडं सोळा वर्षांच्या सकाळी होत्या, आणि त्यांचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

मंजिरीच्या प्रयोगशाळेपाशी पोचल्यावर तुळशीराम बाहेरच्या बाकावर बसला तो बसलाच. तूच जा, म्हणाला. जन्मभर कारखान्यात लोखंडाशी झटलेला माणूस फ्रिजमध्ये ठेवलेल्या त्या एवढ्याशा नळीला भ्यायला होता.

मंजिरी पायलहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं कलावतीसाठी खुर्ची सरकवली, पाणी दिलं, आणि मग काय करावं ते न कळून स्वतः उभीच राहिली. काकू, असं दोनदा म्हणाली आणि दोन्हीदा पुढचं वाक्य आलं नाही. तोंडदेखलं बोलायला येत नाही, बरं झालं, कलावतीनं मनात नोंद केली. मग तिनं रक्त दाखवायला सांगितलं. फ्रिजच्या जाळीत बऱ्याच नळ्या होत्या, सगळ्यांवर नुसते नंबर. मंजिरीनं न शोधता त्यातली एक उचलली. खाली गडद लाल बसलं होतं, वर पिवळसर पाणी. बोटभर असेल.

कलावतीनं ते पाहिलं आणि येताना स्कूटरवर जुळवून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम निघालं.

"तुमच्या कागदावर लिहून होतं, तीन आठवडे काढा बंद. मी केला बंद. सोळा वर्षांत नाही केला, माही माय मेली तेव्हा नाही केला, तुमच्या कागदासाठी केला. आन् त्याच खाड्यात माही पोट्टी गेली. आता सांगा, तुमचं काय म्हणणं हाय?"

मंजिरी खाली पाहत राहिली. "काही नाही, काकू," ती म्हणाली.

इथं कलावतीचा हिशोब अडला. तिनं काउंटरमागून हजारो भांडणं ऐकली होती. ज्याची चूक असते तो भांडतो. ज्याची नसते तो तर अधिकच भांडतो. ही मुलगी भांडत नव्हती, आणि तिच्या तोंडावर चोरीचा रंगही नव्हता. आरोप अंगावर घेऊन ती नुसती उभी होती, सासूची साडी इस्त्रीनं धाकट्या नणंदेनं जाळली आणि सून मुकाट्यानं स्वतःचं नाव सांगते तशी. अशी माणसं दुसऱ्या कुणासाठी तरी गप्प असतात.

कलावतीनं बाटली टेबलावर ठेवली. "हा त्याच्यात टाक. मले दाखव."

मंजिरीनं बाटलीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. रक्त कमी आहे, ती म्हणाली, जेमतेम एकदा पुरेल. मग ती एक वेळ माझी, कलावती म्हणाली. मंजिरीनं मान हलवली. नको, काकू. काढा गढूळ आहे, यंत्रात बसणार नाही, असंही काहीबाही सांगू लागली.

"काहून नको?" कलावती म्हणाली. "नरम पडल्या तं तू अडकशील म्हणून?"

तेव्हा मंजिरीनं वर पाहिलं, आणि कलावतीला ती नजर ओळखू आली. ती कलावतीची स्वतःची होती. कधी कधी एखादी गरीब बाई पोरीच्या लग्नासाठी घेतलेली रेशमी साडी घेऊन यायची, कुठून कुठून जमवाजमव करून घेतलेली, आणि कलावतीच्या बोटाला पदर लागल्या लागल्या कळायचं की यात रेशमाचा धागाही नाही. बाई कौतुकानं विचारायची, कशी आहे? कलावती म्हणायची, छान आहे. आणि तिच्याकडं बघत राहायची, ती बाई निघून जाईपर्यंत, अगदी अशीच.

ती खुर्चीत मागं टेकली.

"तू पाह्यलं हाय," ती सावकाश म्हणाली. "माहा काढा तू आधीच टाकून पाह्यला हाय."

मंजिरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणाला शब्द दिला होता ते तिला सांगायची गरज पडली नाही. तिनं तुटक तुटक सांगितलं. पायल एकदा अशाच बाटलीत काढा घेऊन आली होती, मागं लागली होती, करून बघच म्हणून. मंजिरीनं नियमाबाहेर जाऊन, सगळे गेल्यावर केलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं, कारण पहिल्यांदा काही दिसलं नाही तेव्हा पायलचा विश्वास बसेना. वेगळं काही निघालं नाही. नुसतं पाणी घातलं असतं तर जे झालं असतं तेच. काढ्यानं पेशींचं वाईट केलं नव्हतं, चांगलंही नव्हतं.

"कधी?" कलावतीनं विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील, काकू."

कलावतीनं मनात मागं मोजलं. दोन वर्षं. एका दमात रिकामा होणारा कप, पुसलेले ओठ, आज हल्का लग रहा है. ते सगळं त्यानंतरचं होतं. काढ्यात काही आहे असं पायलला वाटत होतं तोवर ती पळत होती, भांडत होती, गूळ मागत होती. काढा पाणी आहे हे कळलं त्या दिवसापासून ती त्याचं कौतुक करू लागली.

"मग पीत काहून राहिली?" तिचा आवाज इतका खाली गेला होता की मंजिरीला वाकावं लागलं. "एवढं कडू. सांगतलं असतं मले. मी काय मारलं असतं?"

"मीही हेच विचारलं होतं," मंजिरी म्हणाली. "मी म्हटलं, फायदा नाही तर कशाला पितेस? ती म्हणाली, फायदा तो है, मम्मी को होता है. आणि मला शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. मंजिरीनं डोळे पुसले आणि, खरं बोलायची सवय असलेल्या माणसाला राहवत नाही तसं, पुढं सांगायला लागली: काकू, पण काच वेगळी आणि माणसाचं पोट वेगळं, काचेत दिसलं नाही म्हणजे पोटातही काही झालंच नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कदाचित काही वेगळ्या वाटेनं...

"राहू दे, पोरी," कलावती म्हणाली. "फाटल्यावर फॉल लावू नको."

तिला वाटलं होतं, काही तरी हलकं होईल. खाड्यानं पोरगी गेली नाही, तिच्या हातून काही झालं नाही. ही केवढी मोठी सुटका होती, आणि ती सुटका समोर पडलेली असून तिला हात लावावासा वाटेना. काही दिवसांपूर्वीपर्यंत ती एका आजारी पोरीची आई होती, जिच्या काढ्यानं पोरगी तगून होती. मग ती एक चुकलेली आई झाली, काढा थांबवणारी. चुकलेली का होईना, तिच्या हातात पोरीचं जगणं-मरण होतं. आता कळलं, ते तिच्या हातात कधी नव्हतंच. सोळा वर्षं ती पाणी आटवत बसली होती, आणि समोर बसून एक पोरगी ते पाणी कडू आहे म्हणून तोंड वाकडं करत होती, आणि मग आईसाठी ते सरळ करत होती.

तिनं नळीकडं बोट केलं. "ह्याचं आता काय?"

मंजिरीनं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाईल आणि तिथंच जळेल. हो म्हणालात तर आमचं द्रव्य घालून शेवटचं एकदा बघता येईल. घरी मात्र देता येणार नाही. कलावती येताना, कुणाला न सांगता, पर्समध्ये एक धुतलेली डबी टाकून आली होती. तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"मले दिसंल?"

"दिसेल. या पडद्यावर."

"मग तुमचंच टाक."

मंजिरीनं हातमोजे घातले आणि कामाला लागली. काय काय करते ते ती सांगत होती, पण कलावतीला त्यातलं थोडंच ऐकू आलं. पडदा उजळला. राखाडी रंगाच्या बारीक गल्ल्या दिसल्या, एकाशेजारी एक. आधी नुसतं रक्त सोडलं, थेंबाचाही थेंब. प्राणवायू काढून घेतला की बघा, मंजिरी म्हणाली. पेशी आल्या. गल्लीच्या तोंडाशी एक आडवी झाली, ताठ, वाळक्या शेंगेसारखी. तिच्यावर दुसरी आली. मग मागच्या येत राहिल्या आणि साचत राहिल्या आणि गल्ली बंद झाली. त्यात आवाज नव्हता. कलावतीनं त्या रात्रीचा पायलचा श्वास ऐकला होता. आतमध्ये हे चाललं होतं तर.

मग मंजिरीनं दुसरी पट्टी लावली, द्रव्य घातलेल्या रक्ताची. पुन्हा पेशी आल्या. पहिली गल्लीच्या तोंडाशी थांबली. कलावतीनं खुर्चीची कड धरली. पेशी थरथरली, जरा लांबुळकी झाली, अंग चोरलं आणि आत शिरली, आणि पलीकडं निघाल्यावर पुन्हा गोल झाली. तिच्यामागं आणखी एक. एक अडकली, तिला मागचीनं ढकललं, ती गेली. एका गल्लीत मात्र काही केल्या कुणी पुढं जाईना, तिथं साचलंच. सगळ्या नाही जात, मंजिरी म्हणाली. कलावतीनं मान हलवली. सगळ्या जात नाहीत हे तिला पटलं, आणि त्यामुळं ज्या जात होत्या त्याही खऱ्या वाटल्या.

ती पडद्याच्या इतक्या जवळ गेली होती की तिचा श्वास काचेवर उमटत होता. मंजिरीनं तिला मागं सरा म्हटलं नाही. एकेक येत होती, थांबत होती, वाकत होती, जात होती. पायलनं सांगितलं होतं तशी, कहना मानत. कलावती प्रत्येकीबरोबर आपली मान किंचित वाकवत होती, अरुंद दारातून पोराला हात धरून नेताना वाकवतो तशी.

मग पेशी विरळ झाल्या. दोन आल्या, मग बराच वेळ कोणी नाही, मग एक. ती गेली. गल्ल्यांतून नुसतं पाणी वाहत राहिलं.

"अजून?" कलावतीनं विचारलं.

"संपलं, काकू."

ती तरी बसून होती. मंजिरीनंही दिवा बंद केला नाही. काही वेळानं कलावती उठली. टेबलावरची काढ्याची बाटली तिनं स्वतःच बेसिनमध्ये रिकामी केली, नळ सोडून डाग जाऊ दिला, आणि मंजिरीच्या डोक्यावर हात ठेवला. शब्द मोडायला लावला तुले, राग नको धरू, एवढंच म्हणाली.

तुळशीराम बाकावरून उठला. तो काही विचारत नव्हता, पण त्याचं तोंड विचारत होतं.

"खाड्यानं नाही गेली," कलावती म्हणाली.

त्यानं मान हलवली. स्कूटरपर्यंत दोघं चालत आले. किल्ली लावता लावता तो थांबला.

"मग कशानं गेली?" तो म्हणाला.

कलावतीकडं या प्रश्नाचं उत्तर होतं. आज दुपारपर्यंत होतं. रोज सकाळी उठून ती ते हातात घेत होती, टोचत होतं तरी. आता तिनं आत चाचपून पाहिलं आणि तिथं काही नव्हतं.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. तुळशीराम किल्ली धरून उभाच राहिला तेव्हा तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागं बसली. "चला. अंधार पडून राहिला."